निवृत्त पुरुषांचं वर्कशॉप, नाशिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला फोनवर, फाटकाशी आणि बरेचदा लग्नाच्या पंगतीत विचारले गेले आहेत. विचारणाऱ्यांत खुद्द निवृत्त माणसं कमी, त्यांच्या बायका, सुना आणि मुली जास्त. म्हणून काही उत्तरं थेट त्यांनाच उद्देशून आहेत.

हे वर्कशॉप म्हणजे नेमकं काय?

सिडकोच्या बाजूला एक पत्र्याची शेड आहे. आत लाकूडकामाची बाकं, व्हाइस, बेंच ड्रिल, ग्राइंडर, एक जुना लेथ, विजेच्या दुरुस्तीचं टेबल आणि भिंतीवर टांगलेली हत्यारं आहेत. निवृत्त पुरुष सकाळी साडेनऊला येतात, काहीतरी बनवतात किंवा मोडलेलं दुरुस्त करतात, अकराला सगळे मिळून चहा घेतात आणि एकच्या सुमारास हत्यारं जागेवर लावून घरी जातात. रविवारी सुट्टी. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा तापतो, तेव्हा आठला उघडून साडेअकराला बंद करतो.

हा क्लास नाही, उपचार केंद्र नाही आणि वृद्धाश्रमाशी याचा काही संबंध नाही. इतके नग काढा असंही कुणी सांगत नाही. काम मात्र खरं असतं. दुरुस्त केलेल्या खुर्चीवर उद्या कुणीतरी बसणार असतं, त्यामुळे ती डुगडुगून चालत नाही. नुसता वेळ जावा म्हणून दिलेलं काम माणूस लगेच ओळखतो आणि दोन दिवसांत यायचं बंद करतो.

ज्येष्ठ नागरिक संघ आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, वाचनालय आहे. मग हे आणखी कशाला?

ते सगळं चांगलं आहे आणि आमचे बरेच सभासद तिकडेही जातात. १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय, मे महिन्यात गोदाघाटावर भरणारी वसंत व्याख्यानमाला, गल्लोगल्लीचे हास्यक्लब आणि भजनी मंडळं या बाबतीत नाशिक श्रीमंत गाव आहे. पण या सगळ्या ठिकाणी माणूस बसतो, ऐकतो किंवा गोल करून बोलतो. ज्याचं आयुष्य हाताने काम करण्यात गेलं, त्याला गोलात बसवून “बोला, काय म्हणताय?” असं विचारलं की तो “ठीक आहे” म्हणतो आणि गप्प होतो. त्याच माणसाच्या हातात कानस द्या, शेजारी दुसरा कानस घासत असू द्या. अर्ध्या तासाने तो आपणहून सांगतो की मुलाशी सहा महिने बोलणं नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हात चालू असतात, मध्येच गप्प झालं तरी ती शांतता अवघड वाटत नाही.

नाशिकला याची गरज जरा जास्तच आहे असं आम्हाला वाटतं. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची, ओझरचा विमान कारखाना १९६४ चा. शिवाय सातपूर आणि अंबडची एमआयडीसी आली, एकलहऱ्याचं वीज केंद्र आलं. खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून मुलं कामाला आली, आयटीआय करून फिटर, टर्नर, वाइंडर झाली आणि सिडकोच्या घरांत स्थिरावली. भाऊबंद गावाकडे राहिले. इथली दोस्ती शिफ्टमधली, कंपनीच्या बसमधली, कॅन्टीनच्या टेबलावरची होती. हार-नारळ घेऊन माणूस शेवटच्या दिवशी गेटबाहेर आला की ती दोस्ती आतच राहते. मुलं पुण्याला किंवा बेंगळुरूला असतात. मग घरात उरतात दोघं आणि एक टीव्ही. ज्या हातांनी पाव मिलिमीटरचा फरक बोटाने ओळखला, ते हात रिमोट धरून बसतात. हे वाया जाणं आम्हाला बघवत नाही.

ही कल्पना कुठून आली?

ऑस्ट्रेलियातून. तिथे घरामागच्या शेडमध्ये हत्यारं घेऊन काहीबाही करत बसायची पुरुषांची जुनी सवय. निवृत्तीनंतर घर लहान झालं की शेड जाते आणि माणूस एकटा पडतो. म्हणून १९९० च्या दशकात गावाने मिळून एक सामाईक शेड उभारायची सुरुवात झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा गावात १९९३ साली असा प्रयोग झाला. १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला गावात ‘मेन्स शेड’ या नावाने शेड उघडली. तिच्यामागे डिक मॅकगोवन हे गृहस्थ होते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शेडची राष्ट्रीय संघटना झाली, २०१० च्या तिथल्या सरकारच्या पुरुष आरोग्य धोरणाने या शेडना पाठबळ दिलं, आणि आता त्या देशात अशा हजाराहून जास्त शेड आहेत. आयर्लंडमध्ये २०११ ला आणि ब्रिटनमध्ये २०१३ ला संघटना स्थापन झाल्या.

त्यांचं एक सूत्र आम्ही जसंच्या तसं उचललं आहे. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. बाकी सगळं इथल्या मातीतलं आहे. त्यांच्याकडे बागेतली बाकडी बनतात, आमच्याकडे पाट आणि चौरंग.

फक्त पुरुषांसाठीच का? बायकांना एकटेपण नसतं का?

असतं, आणि कित्येकदा जास्त असतं. पण बाईची नोकरी संपली तरी तिचा शेजार, भिशी, हळदीकुंकू, भजनी मंडळ चालू असतं. स्वयंपाकघरातून तर तिला कधीच निवृत्ती मिळत नाही. पुरुषांनी आयुष्यभर ही नाती जोडण्याचं काम बायकोवर सोडलेलं असतं आणि स्वतःपुरती कंपनीतली ओळख ठेवलेली असते. ती गेली की हातात काही उरत नाही. पत्नी आधी गेली तर अशा माणसाचे हाल कुत्रा खात नाही. म्हणून ही जागा मुख्यतः त्यांच्यासाठी.

दर गुरुवारी मात्र वर्कशॉप सगळ्यांना खुलं असतं. ज्या ताई-मावशींना ड्रिल चालवायला, फ्यूज बदलायला, नळाचा वॉशर घालायला शिकायचं आहे, त्यांनी जरूर यावं. गुरुवारी येणाऱ्या शिवणकामातल्या एका मावशींनी आमच्या चार काकांना बटण लावायला आणि पडद्याला दुमड घालायला शिकवलं. चौघांपैकी तिघे विधुर आहेत. हे शिकणं त्यांना किती उपयोगी पडलं ते त्यांनाच विचारा.

मी बँकेत होतो. आयुष्यात हातोडी धरली नाही. मी येऊन काय करू?

या. निम्मी मंडळी तुमच्यासारखीच आहेत: शिक्षक, तलाठी, बँकवाले, एलआयसीवाले.

नवीन माणसाला आम्ही पहिलं काम पाटाचं देतो. वरची फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, बस एवढंच. पण या एवढ्याशा वस्तूत लाकूडकामाची जवळजवळ सगळी बाराखडी येते. आधी मापं घ्यायची. मग गुण्या लावून काटकोनात रेघ मारायची. करवत रेघेवर नाही, रेघेच्या बाहेरच्या अंगाने चालवायची, कारण करवत स्वतःच्या जाडीइतकं लाकूड खाते. रंधा मारताना लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला जातात ते पाहायचं. उलट दिशेने मारला की पृष्ठभाग उसवतो, आणि ते ऐकूही येतं. आवाज सुर्रकन येण्याऐवजी खडखडतो. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर पट्टी टोकाला चिरते. शेवटी पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक, आणि तोही रेषांच्या दिशेने.

एका माणसाला यासाठी आठवडा लागतो, दुसऱ्याला महिना. कुणी घाई करत नाही. तयार झालेला पहिला पाट विकत नाही किंवा दान करत नाही, तो घरी न्यायचा. सणाला नातू त्यावर जेवायला बसला की आजोबांची घरातली जागा बदलते. हे आम्ही इतक्या घरांत पाहिलं आहे की यात आता शंका उरलेली नाही.

आणि हाताने काही करायचंच नसेल तरी चालेल. जमाखर्च, सामानाचं रजिस्टर, फोन घेणं, दुरुस्तीला आलेल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावणं ही कामं कायम असतात, आणि ती नीट करणारा माणूस आम्हाला दहा सुतारांइतका मोलाचा वाटतो.

इथे कोणकोणती कामं होतात?

ती ऋतूप्रमाणे बदलतात. गणपतीच्या आधी दोन महिने चौरंग आणि मखरं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर लाकडी घडीच्या मखरांना मागणी वाढली. संक्रांतीच्या आधी आसाऱ्या, म्हणजे पतंगाचा मांजा गुंडाळायच्या लाकडी चक्र्या. येवल्याकडचा एक सभासद त्यातला दर्दी आहे; फिरकीने पतंग उडवणाऱ्यांची तो रोज खरडपट्टी काढतो. उन्हाळ्यात पंखे येतात. पंखा हळू फिरतो अशा तक्रारीत दहापैकी बऱ्याच वेळा कपॅसिटर गेलेला असतो. छताच्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, बदलायला पाच मिनिटं पुरतात आणि लोक मात्र नवा पंखा घ्यायला निघालेले असतात.

वर्षभर चालणारं आणि आम्हाला सगळ्यात प्रिय काम म्हणजे म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या वस्तू. वॉकरच्या पायांचे झिजलेले रबरी बूट बदलणं, काठी उंचीप्रमाणे कापून देणं, संडास-बाथरूममध्ये धरायला दांडी बसवणं, उंबऱ्यावर चढण्यासाठी छोटा उतार, व्हीलचेअरचे ब्रेक. काठीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. चपला घालून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. नाशिकच्या रस्त्यांवर निम्म्या लोकांच्या हातात नको तितकी उंच काठी दिसते आणि खांदा उगाच दुखत राहतो.

अंगणवाड्यांसाठी खेळणी, शाळांची मोडकी बाकं, चिमण्यांसाठी घरटी हेही होतं. भांडी बाजारातल्या तांबटाकडे उमेदीची वर्षं घालवलेले एक अण्णा कधीमधी कल्हई लावून दाखवतात. नवसागराचा धूर होतो, म्हणून ते काम शेडबाहेर, मोकळ्यावर.

लाकूड बहुतेक पॅकिंगचं असतं. एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे परदेशातून माल येतो, त्याच्या खाली पाइनच्या पॅलेट असतात. त्या आम्ही मागून आणतो, पण शिक्का पाहून. ‘एच.टी.’ असा शिक्का म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालतं. ‘एम.बी.’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं; ते आम्ही घेत नाही. शिक्काच नसेल तर मुलांच्या वस्तूंना वापरत नाही.

वर्गणी किती? इथे केलेल्या कामाचे पैसे मिळतात का?

चहापुरती मासिक वर्गणी आहे आणि ती डब्यात टाकायची असते. कुणी टाकली, कुणी नाही हे आम्ही बघत नाही. याला कारण आहे. कारखान्यांतून निवृत्त झालेल्या अनेकांची भिस्त कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ वर असते आणि तिची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली. औषधांच्या दुकानात ती रक्कम एका फेरीत संपते. अशा माणसाला पैशासाठी दारात अडवायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

कामाची मजुरी सभासदांना मिळत नाही. लोक दुरुस्तीनंतर जे देतात त्यातून स्क्रू, गोंद, पॉलिश पेपर आणि वीजबिल भागतं. पैसे आले की हिशेब येतो, हिशेबामागून ‘माझं काम जास्त, त्याचं कमी’ येतं. ज्यांना कमाईची खरोखर गरज आहे त्यांना आम्ही ओळखीने काम मिळवून देतो, वर्कशॉपच्या बाहेर.

साहेब आणि हेल्पर एकाच बाकावर कसे बसतात?

सुरुवातीला अवघडच जातं. ज्यांनी एकेकाळी मेमो दिला आणि ज्यांना तो मिळाला, असे दोघे इथे शेजारी उभे राहिलेले आहेत. उपाय साधा ठेवलाय. फाटकाच्या आत हुद्दा नाही. ‘साहेब’ म्हणायचं नाही, ‘ए’ म्हणून हाक मारायची नाही, कुणाला एकेरी नाही. वयाने मोठे ते अण्णा किंवा काका, बरोबरीचे ते राव किंवा भाऊ. शिकवणारा कोण, तर ज्याला ते काम येतं तो. मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला वेल्डिंगचा हात एका जुन्या हेल्परने शिकवला, आणि पहिला सरळ टाका पडल्यावर दोघांच्याही चेहऱ्यावर जे होतं ते बघण्यासाठी ही शेड चालवावी.

बाबा दिवसभर घरात बसून असतात. त्यांना कसं पाठवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारताना आवाज सहसा दाटलेला असतो. चिन्हंही ठरलेली: एकच पेपर तीनदा वाचणं, टीव्ही लावून त्याकडे न बघणं, दुपारी झोपून रात्री जागणं, दाढी न करणं, स्वयंपाकघरात येऊन गॅस मोठा का, पाणी वाहतंय का यावरून वाद घालणं. घरच्यांना वाटतं चिडके झालेत. बहुतेकदा ते रिकामे झालेले असतात.

“तुम्हाला करमत नाही ना, तिथे जा जरा” असं म्हणू नका. ज्याने चाळीस वर्षं घर चालवलं त्याला कुणीतरी आपली सोय लावतंय ही भावना टोचते, आणि तो ठामपणे नाही म्हणतो. त्याऐवजी घरातली एक मोडकी वस्तू द्या. इस्त्री, मिक्सर, डुगडुगणारं स्टूल, काहीही. “बाबा, हे तेवढं दाखवून आणता का?” एवढंच म्हणा. ते आले की आम्ही वस्तू ठेवून घेत नाही. त्यांनाच बाकाशी बसवतो आणि सोबत उघडतो. वस्तू एका दिवसात दुरुस्त होत नाही असं थोडं आमच्याकडूनही बघितलं जातं.

दुसरा मार्ग म्हणजे त्यांची मदत मागणं. ते कुठे होते, काय काम करत, हे आम्हाला आधी कळवा. आमच्यापैकी कुणीतरी फोन करतं: “काका, तुम्ही मोटार वाइंडिंगमध्ये होता ना? एक मोटार अडलीय.” आणि आमच्याकडे खरोखरच कुठली ना कुठली मोटार अडलेली असते. गरज आहे म्हटल्यावर माणूस शर्ट इन करून येतो.

पहिल्या दिवशी तुम्ही सोबत आलात तरी फाटकाशी थांबा. मुलगी किंवा सून आत उभी असली की ते पाहुण्यासारखे वागतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लक्षात घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, भूक आणि झोप उडालेली, कशातच गोडी नाही, “माझा आता काय उपयोग” किंवा “सुटलो तर बरं” अशी भाषा असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. उपचार चालू ठेवून वर्कशॉपला या. वर्कशॉपसाठी उपचार थांबवू नका.

बीपी आहे, शुगर आहे, बायपास झाली आहे. यंत्रांजवळ जाणं धोक्याचं नाही का?

धोका असतो, म्हणून नियम कडक आहेत आणि ते प्रेमापोटी सैल करत नाही. प्रत्येक सभासदाच्या गोळ्यांची यादी आणि घरचा फोन नंबर आमच्याकडे असतो. कुणाला काय द्यायचं हे त्यावरून ठरतं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर छोटी जखमही बराच वेळ वाहते. असे सभासद ग्राइंडर आणि फिरती करवत वापरत नाहीत. रंधा, पॉलिश, जुळणी, विजेचं टेबल त्यांच्यासाठी. कापलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं सलग दाबून धरायचं, मध्ये उघडून बघायचं नाही, आणि थांबत नसेल तर सरळ दवाखाना.

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. चप्पलमधून लोखंडाचा कीस रुतला तरी कळत नाही आणि आठवड्याने पाय सुजतो. म्हणून बंद बूट सगळ्यांना सक्तीचे, आणि रात्री पाय तपासायची सवय लावा असं घरच्यांना सांगतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी नाश्ता न करता यायचं नाही. घाम सुटून हात थरथरू लागले तर साखर कुठल्या डब्यात आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

बीपीच्या गोळ्यांमुळे काहींना खाली वाकून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यामुळे जमिनीवर बसून काम नाही, सगळं बाकाच्या उंचीवर. पेसमेकर असेल तर आर्क वेल्डिंगच्या आसपासही थांबायचं नाही. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बाकीच्या विजेच्या यंत्रांनाही हात नाही. दमा असेल तर घासकाम बाहेर आणि मास्क लावून, कारण सागाचा भुसा निरोगी माणसालाही त्रास देतो.

यंत्रांचे नियम सगळ्यांना सारखे. ड्रिल आणि लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरता भाग मोज्याला पकडून हात आत ओढतो. सैल बाही, उपरणं, गळ्यातली साखळी किंवा माळ नको. जानवं शर्टाच्या आत. वाचायचा चष्मा असला तरी त्यावर गॉगल हवाच. एकट्याने यंत्र सुरू करायचं नाही. सगळी वीज तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून येते, आणि त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघतो. तुमच्या घरी बसवलेला असेल तर तुम्हीही दाबून बघा.

विसराळूपणा वाढलाय, कंपवात आहे, अर्धांग होऊन गेलंय. तरी येऊ द्याल का?

हो, घरचं कुणी किंवा आमच्यातला एक ठरलेला जोडीदार सोबत असेल तर. विसरणाऱ्या माणसाच्या हातांना अनेकदा डोक्यापेक्षा जास्त आठवतं. आज कुठला वार हे न सांगता येणारे एक काका नट-बोल्ट आकाराप्रमाणे वेगळे करताना एकही चुकवत नाहीत. त्यांना तेच काम रोज, त्याच जागेवर देतो. कंपवात असलेल्यांना सँडिंग जमतं, बारीक सोल्डरिंग जमत नाही. यंत्रं अर्थातच नाहीत.

राजकारणावर भांडणं होत नाहीत का?

होतात, चहाच्या वेळेत. घंटा झाली की बंद. मोबाइलवर आलेले निरोप मोठ्याने वाचून दाखवायला मनाई आहे.

दारू, तंबाखू?

आत नाही. काल रात्रीची उतरलेली नसेल तर घरी जाऊन झोपा, उद्या या. कुणाला सोडायची असेल तर सोडलेले लोक इथे आहेत. बाजूला घेऊन विचारा.

एखादा सभासद यायचा बंद झाला तर?

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दाराशी हजेरीचं रजिस्टर आहे. ते पगारासाठी नाही. कोण आलं नाही हे त्याच दिवशी कळावं म्हणून. न कळवता दोन दिवस गैरहजेरी झाली की ज्याचं बाक शेजारी तो फोन करतो. फोन उचलला नाही तर तिसऱ्या दिवशी दोघे घरी जातात. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. निवृत्तीनंतर कित्येकांच्या आयुष्यात असं होतं की ते दिसले नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही आणि कुणी विचारत नाही. इथे विचारलं जातं.

दवाखान्यात असेल तर पाळी लावून डबा आणि रात्रीचं बसणं होतं. कुणी गेलं तर रामकुंडावर दशक्रियेला सगळे जातात, आणि त्याचं अर्धवट राहिलेलं काम शेजारचा माणूस पूर्ण करून त्याच्या घरी पोचवतो.

लांबून येणाऱ्यांसाठी काय?

शहरात सिटीलिंकची बस आहे. ओझर, सिन्नर, दिंडोरीकडून एसटीने येणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट. वयाचा पुरावा सोबत ठेवा.

आमच्या भागात असं सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

माणसांपासून. जागा, यंत्रं, निधी हे सगळं नंतर. रोज नक्की येतील असे पाच जण मिळाले की सुरू करा, मग ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये का असेना. एक भक्कम बाक, एक व्हाइस, दोन करवती, रंधा, पटाश्या, गुण्या, हातोडी, नट आवळायचे पाने आणि एक मल्टिमीटर एवढ्यावर वर्षभर काम चालतं. विजेची यंत्रं पहिल्या दिवशी आणू नका. यंत्र आलं की आवाज होतो, शेजारी तक्रार करतात, एक जण यंत्र चालवतो आणि चौघं बघत उभे राहतात. हातहत्यारांवर पाचही जण गुंततात.

पहिली कामं शेजाऱ्यांची घ्या. एखाद्या अंगणवाडीला विचारा काय मोडलंय. काम मागायला गेलात की लोकांना तुम्ही कळता. उद्घाटन, फीत, पाहुणे यांत शक्ती घालवू नका.

जम बसला की नोंदणी करा. सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालची नोंदही होते. दोन्हीचं काम धर्मादाय आयुक्तांच्या नाशिकच्या कार्यालयातून. कंपन्यांचा सीएसआर निधी (समाजकार्यासाठी बाजूला काढलेला पैसा) मागायचा असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सुविधांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो अर्जात लिहा. त्यासाठी प्राप्तिकर खात्याच्या १२अ आणि ८०जी या नोंदण्या आणि सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांची सीएसआर-१ नोंदणी ही कागदपत्रं लागतात. निवृत्त बँकवाले किंवा लेखापाल सभासद इथे सोन्याचे ठरतात. पण पैशाआधी कंपनीकडे जुनं सामान मागा: बाद झालेला ड्रिल, लाकडाचे तुकडे, वापरून झालेले बिट. ते लवकर मिळतं.

आणि चहाची वेळ ठरवून पाळा. अकरा म्हणजे अकरा. त्या पंधरा मिनिटांत सगळ्यांची हत्यारं खाली असतात, आणि पुढच्या आठवड्यात कोण येईल, कोण नाही हे तिथेच ठरतं.

घरात वडिलांची जुनी हत्यारं पडून आहेत. घ्याल का?

आनंदाने. गंज चढलेली असली तरी चालतील. हत्याराच्या मुठीवर वडिलांचं नाव कोरून मगच भिंतीवर लावतो. भंगारात देण्याआधी एकदा फोन करा.

पहिल्या दिवशी काय आणू?

बंद बूट, जवळचं वाचायचा चष्मा, गोळ्यांची यादी आणि घरच्या एकाचा फोन नंबर. घरात काही मोडकं असेल तर तेही. डबा नको, चहा-बिस्किट इथे असतं. साडेनऊला या, फाटकाजवळ जे कुणी असतील त्यांना सांगा आज पहिल्यांदा आलोय. पुढचं ते बघतील. फॉर्म आठवडाभराने, राहायचं ठरलं की भरायचा.